वाचकांचे प्रश्न : धुक्यातली सकाळची पॅसेंजर

प्रश्न : नोकरीसाठी मी रोज सकाळच्या पॅसेंजरने कोल्हापूरला जातो. थंडीत धुकं पडलं की गाडी रखडते आणि मस्टर चुकतं. सिग्नल आता एलईडीचे आहेत, लांबून लख्ख दिसतात. मग गाडी एवढी हळू का चालवतात?
— एक पासधारक, जयसिंगपूर

उत्तर : तुमची अडचण खरी आहे. पण सिग्नल दिसणं आणि दिसल्यावर गाडी थांबणं यांत बरंच अंतर असतं, तेच आधी पाहू.

ताशी १०० किलोमीटरने धावणारी गाडी नेहमीच्या ब्रेकने थांबवायला पाऊण किलोमीटरहून जास्त रूळ लागतो. ताशी ६० ला साधारण २८० मीटर लागतात. शिवाय ब्रेकचा परिणाम सगळ्या डब्यांपर्यंत पोहोचून चाकं आवळेपर्यंत दोन-तीन सेकंद जातात. तेवढ्यात ६० च्या वेगाची गाडी आणखी पन्नास मीटर पुढे गेलेली असते. आता पंचगंगेच्या काठी समोरचं ६० मीटरपर्यंतच दिसतंय असं धरा. लाल दिवा दिसल्यावर ब्रेक लावून त्याच्या अलीकडे थांबायचं असेल, तर वेग ताशी २० च्या आसपास हवा. त्या वेगाने मिरज ते कोल्हापूर हे सुमारे ४८ किलोमीटर जायला अडीच तास लागतील.

गाडी याहून वेगाने येऊ शकते ती डिस्टंट सिग्नलमुळे. स्टेशनच्या होम सिग्नलच्या, म्हणजे स्टेशनात शिरण्याआधी जिथे थांबावं लागतं त्या सिग्नलच्या, एक किलोमीटर आधी हा उभा असतो आणि पुढे काय वाढून ठेवलंय ते सांगतो. हिरवा असेल तर जा, दोन पिवळे असतील तर सावध राहा, एकच पिवळा असेल तर पुढे थांबायची तयारी ठेवा. हा अगदी खांबाजवळ आल्यावर दिसला तरी हाताशी हजार मीटर असतात आणि ६० च्या वेगाला ते पुरतात. म्हणून नियम असा, की धुक्यात लोको पायलटने (गाडीच्या ड्रायव्हरने) दिसेल त्या मानाने वेग स्वतः कमी करायचा आणि कितीही खात्री वाटली तरी ६० च्या वर जायचं नाही. धुक्यासाठीचं जीपीएस यंत्र इंजिनात असेल तर ही मर्यादा ७५ आहे.

या सगळ्यात धोक्याची गोष्ट एकच, डिस्टंट नजरेतून निसटणं. तो निसटला की हजार मीटरची सवड गेली आणि गाडी थेट होम सिग्नलवर येऊन आदळल्यासारखी येते. त्यासाठी लोको पायलट आणि त्याचा असिस्टंट दोघंही सिग्नलचा रंग मोठ्याने उच्चारतात आणि एकमेकांचं ऐकून खात्री करतात. सिग्नल विझलेला किंवा धूसर दिसला, तर तो सर्वांत कडक रंग दाखवतोय असंच धरायचं असतं. ‘बहुतेक हिरवा असेल’ याला इथे जागा नाही.

उशीर वाढायला आणखी एक कारण आहे. मिरज–कोल्हापूर मार्ग एकेरी आहे, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांना एकच रूळ. समोरची गाडी धुक्यात अडकली की तुमची गाडी क्रॉसिंगसाठी, म्हणजे तिला वाट देण्यासाठी, हातकणंगले किंवा रुकडीला उभी राहते. धुक्यात गेलेली मिनिटं थोडी असतात, क्रॉसिंगची त्यात भर पडते.

प्रश्न : काहीच दिसत नसताना आपण कुठे आहोत हे ड्रायव्हरला कळतं कसं? मोबाइलसारखं जीपीएस असताना अडचण काय?
— एक विद्यार्थिनी, हातकणंगले

उत्तर : मार्ग पाठ असावा लागतो. नवीन मार्गावर गाडी हाती घेण्याआधी लोको पायलट तो मार्ग रात्रीच्या फेरीसह शिकून घेतो. तीन महिन्यांहून जास्त काळ त्या मार्गावर गेला नसेल, तर पुन्हा बघून मगच गाडी नेतो. चढ, वळण, पूल, फाटक यांचा क्रम डोक्यात असतो. वळिवडे सोडल्यावर पंचगंगेच्या पुलावर चाकांचा आवाज बदलतो, तेव्हा पुढचं स्टेशन रुकडी हे खिडकीबाहेर न बघताही कळतं.

दुसरा आधार विजेच्या खांबांचा. प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक लिहिलेली पाटी असते. दोन खांबांत जास्तीत जास्त ७२ मीटर, वळणावर त्याहून कमी. पुढचा एकच खांब दिसत असेल तर नजर साठ-सत्तर मीटरच पोहोचतेय, हा हिशेब कोणत्याही यंत्राशिवाय होतो. सिग्नल जवळ आल्याची खूण म्हणून काही ठिकाणी रुळांवर आडवे चुन्याचे पट्टेही मारतात.

जीपीएसचं यंत्र आहे, आणि उपयोगीही आहे. पुढचे सिग्नल आणि फाटकं ते क्रमाने दाखवतं आणि साधारण ५०० मीटर आधी बोलून सूचना देतं. उत्तरेकडच्या विभागांत त्याचा मोठा वापर होतो. पण सिग्नल कुठे आहे एवढंच ते सांगतं, त्याचा रंग त्याला कळत नाही. रंग पाहायचं काम माणसाच्या डोळ्यांकडेच राहतं. ‘कवच’ या यंत्रणेत मात्र सिग्नलचा रंग रेडिओवरून थेट इंजिनात दिसतो आणि लोको पायलट चुकला तर ब्रेक आपोआप लागतात. धुक्यावरचा खरा उपाय आमच्या मते हाच आहे.

प्रश्न : इंजिनाला अजून मोठे, पिवळे दिवे लावले तर?
— एक वाचक, रुकडी

उत्तर : उपयोग नाही. धुक्याचे थेंब प्रकाशलहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे पांढरा काय आणि पिवळा काय, सगळेच रंग सारखे विखुरतात. झोत जितका प्रखर तितकी समोरची पांढरी भिंत दाट. म्हणून दाट धुक्यात हेडलाइट मंद केलेला बरा.

दिव्यांपेक्षा आम्हाला रुळाची काळजी जास्त वाटते. जोराचा पाऊस रूळ धुऊन काढतो. धुक्याचं दव मात्र गंज आणि धुळीत मिसळून निसरडा लेप तयार करतं. अशा रुळावर एकदम जोरात ब्रेक लावला तर चाक अडकून घसरतं, एका जागी घासून सपाट होतं आणि मग तो डबा ठक-ठक वाजत राहतो. त्यामुळे ब्रेक लवकर आणि टप्प्याटप्प्याने लावायचा आणि गरज पडली तर चाकापुढे वाळू सोडायची. ही वाळू कोरडी हवी. ओली झाली की गोळे होऊन नळी तुंबते. म्हणून धुक्याच्या सकाळी निघण्याआधी वायपर, हॉर्न आणि दिव्यांबरोबर वाळूची नळीही उघडून बघायची असते.

प्रश्न : रुळावर फटाके लावतात असं ऐकलं. खरं आहे का?
— एक वाचक, गांधीनगर

उत्तर : खरं आहे. त्याला डेटोनेटर म्हणतात. स्टेशनवरून १८० मीटरवर ठरवून दिलेली खूण दिसेनाशी झाली, की सिग्नलच्या किमान २७० मीटर आधी रुळावर दहा मीटरच्या अंतराने दोन डेटोनेटर लावतात. चाकाखाली ते फुटले की पुढे सिग्नल आहे हे कानाला कळतं. उत्तरेत हे थंडीत नेहमीचं आहे, आपल्याकडे क्वचित. आवाज आला तर घाबरून साखळी ओढू नका.

प्रश्न : गळिताच्या हंगामात पहाटे उसाची ट्रॉली घेऊन फाटक ओलांडावं लागतं. धुक्यात ट्रॉली रुळावरच बंद पडली तर काय करायचं?
— एक शेतकरी, हातकणंगले तालुका

उत्तर : आधी माणसं खाली उतरवून रुळापासून लांब न्या. ट्रॅक्टर चालू करत बसू नका, धावत जाऊन गेटमनला सांगा. फाटक सिग्नलशी जोडलेलं असेल तर ते बंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. पण गाडी आधीच सिग्नल ओलांडून आली असेल तर? म्हणून गेटमन लाल दिवा घेऊन धावतो, ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन डेटोनेटर लावतो. एकेरी मार्गावर हे दोन्ही बाजूंना करावं लागतं आणि तो एकटा असतो, तेव्हा तुमच्यातला एक जण दुसऱ्या बाजूला पाठवा. त्याने रुळात न उतरता कडेने जायचं आणि मोबाइलचा टॉर्च जोरजोरात आडवा हलवत राहायचा. जोरात हलवलेला पांढरा दिवाही रेल्वेत ‘थांब’ असाच वाचला जातो. उजेड असेल तर दोन्ही हात डोक्यावर उंच धरा. चालत जाणाऱ्याला १२०० मीटर गाठायला बारा-पंधरा मिनिटं लागतात, म्हणून पळतच निघा.