सहा हजारांचा बोनस आणि घरातली तीन डोकी

औशाहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ३४. लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात ते हिशेब लिहितात, पगार १८,००० रुपये. रोज मोटारसायकलवर जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात. दिवाळीला मालकांनी ६,००० रुपये बोनस दिला. दोन वर्षांपूर्वी गाडीसोबत मिळालेलं हेल्मेट आता इतकं सैल झालंय की मान वळवली तरी ते डोक्यासोबत वळत नाही. ऑनलाइन सेलमध्ये युरोपच्या ईसीई प्रमाणपत्राचं हेल्मेट ५,५०० रुपयांना दिसतंय. मित्र म्हणतो, रस्त्यावर ३५० रुपयांत मिळतं ते घे आणि उरलेले पैसे लेकराच्या शिकवणीला ठेव. सात वर्षांच्या मुलाला ते रोज सकाळी शाळेत सोडतात, आणि महिन्यातून एक-दोनदा पत्नीला घेऊन निलंग्याला सासरवाडीला जातात. शेवटी लिहिलंय: "तिचं हेल्मेट भिशी लागली की बघू. सध्या माझ्यासाठी कोणतं घेऊ?"

मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो. भिशी लागेपर्यंत निलंग्याला जाणं थांबणार आहे का? थांबणार नसेल तर तिचं हेल्मेट याच सहा हजारांतून आलं पाहिजे, आणि मुलाचंही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट सक्तीचं आहे. मोडलं तर कलम १९४ डी मध्ये १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र असं लिहिलंय. पण दंडाचा विचार बाजूला ठेवा. गाडी घसरली तर मागचा माणूसही त्याच डांबरावर पडतो. तेव्हा बजेट एका हेल्मेटचं धरू नका, तीन डोक्यांचं धरा. तिघं एकदम मात्र बसू नका. दुचाकीवर चालकाशिवाय एकच माणूस, असं कलम १२८ सांगतं. लेकरासकट निलंग्याला जायचं असेल त्या दिवशी एसटी बरी.

आता मित्राचा सल्ला. तुमच्या घराची सगळ्यांत मोठी मालमत्ता तुमची कमावण्याची ताकद आहे. साठीपर्यंत २६ वर्षं, आजच्याच पगाराने धरलं तरी ५६ लाख रुपये होतात. ती ज्या डोक्याच्या भरवशावर आहे त्याच्यावर ३५० रुपयांचं प्लास्टिक ठेवायला मी कधीही सांगणार नाही. दुचाकी अपघातांवरच्या अनेक अभ्यासांचा २००८ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने जो आढावा घेतला त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. हा फायदा देतो तो आतला दाट थर्मोकोलसारखा थर. आपटल्यावर तो स्वतः दबतो आणि धक्का कवटीपर्यंत पोचू देत नाही. रस्त्याकडेच्या स्वस्त टोपीत बहुतेक वेळा या थराच्या जागी पातळ स्पंज असतो. आयएसआयचं चिन्ह तिच्यावरही चिकटवलेलं असू शकतं, म्हणून नुसत्या चिन्हावर जाऊ नका. १ जून २०२१ पासून देशात आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. खऱ्या हेल्मेटवर आयएस ४१५१ हा क्रमांक आणि चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. फोनवर बीआयएस केअर हे, आयएसआय चिन्ह देणाऱ्या सरकारी संस्थेचं ॲप घ्या आणि तो क्रमांक दुकानातच टाकून बघा. कंपनीचं नाव जुळलं नाही तर हेल्मेट खाली ठेवा.

साडेपाच हजारांच्या हेल्मेटला मी वाईट म्हणत नाही. ईसीईच्या नव्या, २२.०६ या मानकात तिरकस आपटल्यावर डोक्याला बसणारा पीळही तपासतात, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. तुम्ही एकटे असता, घरात दुसरं कुणी गाडीवर बसत नसतं, तर मी अडवलं नसतं. पण किंमत तिप्पट झाली म्हणून सुरक्षा तिप्पट होत नाही. वरच्या पैशांत मिळतं ते बरंचसं हवा खेळण्याची सोय, हलकेपणा, दुहेरी व्हायझर (तोंडापुढची काच), रंग आणि नाव. ब्रिटनमध्ये सरकारने २००७ मध्ये सुरू केलेली 'शार्प' नावाची योजना हेल्मेटं आपटून पाचपैकी तारे देते, आणि तिथेही स्वस्त हेल्मेटांनी चांगले तारे मिळवलेत. शिवाय सेलमधलं हेल्मेट तुम्ही डोक्यात घालून पाहिलेलं नाही. 'नो कॉस्ट ईएमआय' लिहिलं असेल तर प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी कुठे जातो तेही बघा.

पैसे वाढवून जे मिळत नाही ते नीट माप घेऊन फुकट मिळतं, आणि माझ्या मते खरेदीचा खरा निर्णय तिथेच आहे. घरी शिंप्याची टेप घ्या. भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटिमीटरवरून, कानांच्या वरून, मागे डोक्याचा सर्वांत फुगीर भाग धरून मोजा. ५७-५८ सेमी आलं तर मध्यम, ५९-६० आलं तर मोठं. आपल्याकडच्या बऱ्याच हेल्मेटांवर हेच ५८०, ६०० मिलिमीटर असं छापलेलं असतं. तिघांची मापं कागदावर लिहा आणि तिघंही लातूरला जा. गाड्यांच्या सामानाचं असं दुकान निवडा जिथला मालक चार हेल्मेटं काढून घालू देईल.

घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, बोलताना दातांत गाल येईल इतके. आतलं अस्तर वापराने दबतं, म्हणून दुकानात 'एकदम आरामशीर' वाटणारं हेल्मेट चार-सहा महिन्यांत सैल होतं. दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवा. कपाळाची कातडी सोबत हलली तर माप बरोबर, हेल्मेट नुसतंच फिरलं तर मोठं आहे. मग पट्टा लावा, पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत, आणि मानेमागून हेल्मेटची कड धरून वर-पुढे ढकला. निघून आलं तर ते अपघातात नक्की निघून येणार. हे सगळं झाल्यावर घाई करू नका. पंधरा मिनिटं घालून बसा, तोवर मुलाचं बघा. काढल्यावर कपाळाच्या मध्यावर लाल वळ आणि ठणका असेल तर आकडा बरोबर असूनही त्या कंपनीचा साचा तुमच्या डोक्याचा नाही. कुणाचं डोकं लांबट असतं, कुणाचं गोल. दुसरी कंपनी घालून बघा. बेळगावची व्हेगा, फरिदाबादची स्टड्स, स्टीलबर्ड, यांची हेल्मेटं एकाच मापात वेगवेगळी बसतात.

आपल्या भागातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर गेला की आपण तोंडाला दस्ती नाहीतर जाड गमछा बांधतो आणि त्यावर हेल्मेट घालतो. मग गमछ्यासकट बसेल असं एक माप मोठं घेतलं जातं. पावसाळ्यात गमछा सुटतो, हेल्मेट सैल होतं, आणि तुमच्या आताच्या हेल्मेटसारखी गत होते. माप उघड्या डोक्याचं घ्या, आत फार तर पातळ सुती टोपी वापरा. ती रोज धुता येते, तेलाने अस्तरही खराब होत नाही. पत्नीच्या बाबतीत बुचड्याकडे लक्ष द्या. वर बांधलेल्या बुचड्यावर हेल्मेट टेकतं आणि कपाळ उघडं पडतं. मानेशी सैल वेणी घालूनच तिने माप बघावं. स्कार्फ बांधणार असेल तर बांधूनच.

मुलाला मोठ्यांच्या हेल्मेटचं छोटं माप नको, मुलांसाठीच बनवलेलं, आयएसआयचंच घ्या. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो, हेल्मेट तसं घेतलं तर ते काहीच कामाचं नाही. दोन-तीन वर्षांनी बदलावं लागेल, तो खर्च आत्ताच मनात धरून ठेवा.

तर वाटणी अशी करा. तुमच्यासाठी पूर्ण चेहरा झाकणारं, २,००० ते २,२०० रुपयांपर्यंत. पत्नीसाठीही पूर्ण चेहऱ्याचंच, १,६०० ते १,७०० रुपये. फक्त वरची टोपी असलेलं स्वस्त पडतं, पण हनुवटी आणि जबडा उघडा राहतो. मुलासाठी १,००० रुपये. हे झाले ४,९०० रुपयांपर्यंत. या किमतीत आयएसआयची चांगली हेल्मेटं मिळतात. आतल्या लेबलवर बनवल्याचा महिना-वर्ष बघा. दोन वर्षं दुकानात पडून असलेलं घेऊ नका, कारण हेल्मेटचं आयुष्यच तीन ते पाच वर्षं धरतात. पाच वर्षांच्या हिशेबाने तुमचं हेल्मेट दिवसाला सव्वा रुपयाला पडतं. व्हायझर पारदर्शकच घ्या. संध्याकाळी यार्डातून निघाल्यावर काळ्या व्हायझरमधून दिव्याविना उभी असलेली उसाची ट्रॉली दिसत नाही. ओरखडे पडले की व्हायझर बदला, त्यासाठी २५०-३०० रुपये बाजूला ठेवा. वापरलेलं हेल्मेट कुणी फुकट दिलं तरी नको. आतला थर एकदा दबला असेल तर बाहेरून कळत नाही. तुमचंही एकदा जोरात आपटलं की त्याचं काम संपलं, मग ते पाच दिवसांपूर्वी घेतलेलं का असेना.

उरतात सुमारे ८०० रुपये. ते शिकवणीला देण्याआधी गाडीच्या विम्याचा कागद काढून बघा. नव्या दुचाकीला तृतीय पक्षाचा विमा पाच वर्षांचा मिळतो, पण मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा बऱ्याचदा एकाच वर्षाचा घेतलेला असतो. गाडी दोन वर्षांची आहे, म्हणजे तुमचा तो भाग संपलेला असण्याची शक्यता मोठी आहे. काही शे रुपयांत तो पुन्हा घेता येतो, याच आठवड्यात घ्या. त्यात पत्नीला संरक्षण नाही. म्हणून दोघांच्याही बँक खात्यांवर पंतप्रधान सुरक्षा विमा योजना सुरू करा: वर्षाला प्रत्येकी २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख. हप्ता मेअखेरीस आपोआप कापला जातो आणि विमा १ जून ते ३१ मे चालतो, त्यामुळे मे महिन्यात दोन्ही खात्यांत शंभर-दोनशे रुपये राहतील एवढं बघा. पत्नीचं स्वतःचं खातं नसेल तर बचत गटाचं चालणार नाही, तिच्या नावाचं जनधन खातं आधी उघडा.