हूल, चकवा आणि चौकडी

प्रश्न असा आला आहे: "लेक न्यू जर्सीत असते. रोज सकाळी ती मला 'कनेक्शन्स' हे कोडं पाठवते. सोळा शब्द, त्यांतून चार-चार शब्दांचे चार गट लावायचे, चारदा चुकलं की खेळ संपला. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, शब्दांचे अर्थ मला सगळे माहीत असतात. तरी तिचं सुटतं आणि माझं अडतं. मुद्दाम फसवायला घातलेल्या शब्दाला मराठीत काय म्हणावं, हूल की चकवा? आणि हे अडणं इंग्रजीचं की वयाचं?"

शेवटच्या शंकेचं आधी सांगतो. वयाचं नाही, आणि ज्याला आपण शाळेत इंग्रजी म्हणतो त्याचंही नाही. पण त्याचा उलगडा तुमच्या पहिल्या प्रश्नातच दडला आहे. हूल आणि चकवा हे दोन्ही शब्द मला हवे आहेत, कारण ते एका अर्थाचे नाहीत.

हूल देतात. कबड्डीत चढाई करणारा डाव्या कोपऱ्याकडे झुकतो आणि उजवीकडे हात मारतो, ती हूल. देणारा कोण आणि कोणाला दिली, दोन्ही ठरलेलं असतं. चकव्याचं तसं नाही. 'पोलिसांना चकवा देऊन पसार' असं वर्तमानपत्रं लिहितात, ते बरोबरच आहे. पण शब्दाचा मूळ मुक्काम कोकणातल्या आडवाटेवर. रात्री माणूस रानातून निघतो, चालत राहतो आणि पुन्हा त्याच आंब्याखाली येतो. त्याला चकवा लागला. तहान लागते, ठेच लागते, तसा चकवा लागतो. समोर कोणी नसतं.

आता तुमच्या कोड्याकडे येऊ. न्यूयॉर्क टाइम्सने १२ जून २०२३ रोजी दिलेलं पहिलंच कोडं घ्या. हेल, रेन, स्लीट (पावसाबरोबर पडणारा बर्फ), स्नो हा पावसापाण्याचा गट. बक्स, हीट, जॅझ, नेट्स हे अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल स्पर्धेतले संघ. ऑप्शन, रिटर्न, शिफ्ट, टॅब ह्या कीबोर्डवरच्या कळा. आणि कायाक, लेव्हल, मॉम, रेसकार हे इंग्रजी स्पेलिंगात उलटसुलट सारखेच वाचले जाणारे शब्द.

यात 'हीट' ही उघड हूल आहे. तो शब्द पाऊस-बर्फाच्या शेजारी सहज जाऊन बसतो. पण तुमच्या लेकीच्या कानावर मायामीच्या 'हीट'चं नाव येता-जाता पडत असतं, त्यामुळे ती हूल ओळखते आणि बाजूला होते. तुम्हाला तो संघच माहीत नाही, म्हणजे हूल कुठून सुरू झाली तेच दिसत नाही. इथवर प्रश्न फक्त माहितीचा आहे, वर्षभर कोडी सोडवली की संघांची नावं पाठ होतात. (माझी झाली. बास्केटबॉलचा एक सामना न बघता!)

चकवा पुढे आहे. तुमच्या जागी मी असतो तर ऑप्शन, रिटर्न आणि बक्स हे तीन शब्द बघताच शेअरबाजार म्हणालो असतो, आणि जून महिना असल्याने रिटर्न तर आयकराचाच. नेट्स म्हणजे क्रिकेटचा सराव. शिफ्ट म्हणजे पाळी, पहिली, दुसरी, रात्रपाळी. टॅब नातवाच्या हातात असतो. यांतले बहुतेक खड्डे कोडं रचणाऱ्याने खणलेले नाहीत. ऑप्शन आणि रिटर्न या कळा ॲपलच्या कीबोर्डवर असतात. आपल्या कचेऱ्यांतल्या कीबोर्डवर त्यांच्याऐवजी अल्ट आणि एंटर. तीस वर्षं कचेरीतल्या संगणकावर काम केलेला माणूसही 'रिटर्न'ला कळ म्हणून ओळखेलच असं नाही. म्हणून माझा कौल असा: कोडं रचणाऱ्याने घातली ती हूल, आणि आपल्याच गावच्या ओळखींमुळे वाट चुकली तो चकवा. तुम्हाला बहुधा चकवाच लागत असणार. कोशात अर्थ दिलेला असतो, पण शब्दाच्या शेजारी कोण राहतं ते दिलेलं नसतं. कोडं सगळं शेजारावर चालतं.

अमेरिकी माणसाची इंग्लंडात हीच गत होते. बीबीसीवर २००८पासून 'ओन्ली कनेक्ट' नावाची प्रश्नमंजूषा चालू आहे, तिच्यातही सोळा शब्दांची अशीच भिंत असते. तिथे 'पँट्स' आतल्या कपड्यांत जाते, अमेरिकेत बाहेरच्या. चिप्स इंग्लंडात गरम असतात, अमेरिकेत पाकिटात. दोघांचीही मातृभाषा इंग्रजीच.

आणि इतक्या लांब तरी कशाला जा. देवनागरीतच दोन गट बघा. शाळा, परीक्षा, गुरू यांच्याबरोबर 'शिक्षा' लावणारा माणूस हिंदी भाषक. कैद, दंड, फाशी यांच्याबरोबर लावणारा आपला. (दोन्हीकडे लावणारे मास्तर माझ्या लहानपणी होते, पण तो वेगळा विषय.) खुद्द 'चकवा' शब्दालाच चकवा लागतो: हिंदीत चकवा हा पक्षी, चकवा-चकवीच्या जोडीतला, आपण ज्याला चक्रवाक म्हणतो तो. तेव्हा बगळा, मोर, पोपट यांच्या रांगेत चकवा घातला तर लखनौचा माणूस गट पुरा करून मोकळा होईल आणि रत्नागिरीचा भुताखेतांच्या गटासाठी हडळ, वेताळ, मुंजा शोधत बसेल.

याच्याही खाली एक थर आहे. गट म्हणजे काय, हेच सगळ्यांच्या डोक्यात सारखं नसतं. अलेक्झांडर लुरिया हे रशियन मानसशास्त्रज्ञ १९३१-३२ साली उझबेकिस्तानात गेले आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या शेतकऱ्यांना हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांची चित्रं दाखवून विचारलं, यातलं वेगळं कोणतं? शाळेत गेलेला म्हणेल ओंडका, बाकीची हत्यारं. शेतकरी म्हणत, ओंडका कसा काढायचा? करवत कापणार काय आणि कुऱ्हाड फोडणार काय? १९७२ साली चिऊ या संशोधकाने मुलांपुढे कोंबडी, गाय आणि गवत ठेवलं. अमेरिकी मुलांचा कल कोंबडी-गाय या जोडीकडे, दोन्ही प्राणी म्हणून. चिनी मुलांचा गाय-गवत या जोडीकडे, गाय गवत खाते म्हणून. आपल्याकडे देवळाबाहेर गाय घेऊन बसलेली बाई आणि तिच्यापुढच्या गवताच्या पेंढ्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याने काय उत्तर द्यावं? शिष्यवृत्तीच्या परीक्षेत 'गटात न बसणारा शब्द ओळखा' या प्रश्नाला मात्र एकच उत्तर बरोबर असतं. तो प्रश्न सोडवायला शिकणं म्हणजे गवत विसरायला शिकणं. कनेक्शन्सचे सोपे गट असेच असतात, जातवारीचे. अवघड गटांत मात्र रचणारा स्वतःच गवताकडे वळतो, अमुक शब्दापुढे काय काय जोडता येतं अशा वाटेने, आणि तिथे पुन्हा गवत कोणत्या गावचं ते आलंच.

मराठीत असं कोडं रचता येईल का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण राहवत नाही. उलटसुलट शब्दांचा गट जसाच्या तसा उचलता येणार नाही. देवनागरीत 'मॉम' उलटी केली की 'ममॉ' होते. आपले शब्द वेगळे: कनक, नयन, कडक, नवजीवन. आणि हेल, स्लीट, स्नो यांना आपण गारा आणि बर्फ या दोन शब्दांत उरकतो. स्लीटला तर माझ्याकडे शब्दच नाही. पण पाऊस म्हणाल तर आपल्याकडे पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा. तरणा, म्हातारा हे दोन शब्द माणसांच्या गटात घालून बघा, शहरातले किती जण परत येतात ते.

नमुन्याला दोन गटांचे आठ शब्द देतो: रेवती, मघा, चित्रा, अनुराधा, हस्त, विशाखा, मृग, अश्विनी.

ही सगळी नक्षत्रं आहेत, म्हणून 'नक्षत्रं' हे उत्तर नाही. मुलींची नावं म्हणाल तर पाच निघतात, आणि तिथेच हूल आहे. पुण्यातली माझी भाची अर्धा तास अडली. सांगोल्याकडचे एक ओळखीचे शेतकरी आहेत, त्यांनी चहा येण्याआधी चित्रा उचलून मृग, मघा आणि हस्ताशेजारी ठेवली: ही पावसाची, त्या चौघी कोरड्या. रोहिणी मी मुद्दाम घेतली नाही. मेअखेरीला ती कधी बरसते, कधी नाही, आणि तिच्यावरून दोन गावांत एकमत होणार नाही.

आता राहिलं गटाचं नाव. 'गट' चालतो, पण चाराच्या गटाला आपल्याकडे तयार शब्द आहे, चौकडी. म्हणून कोड्याला मी घरात 'चौकड्या' म्हणतो. भाचीला तो शब्द ऐकून आधी शर्टाचं कापड आठवलं, तिच्या आईला चांडाळचौकडी.