दातांना तारा लावताना हिरडीत स्क्रू बसवणार आहेत. मुळाला लागणार नाही ना? आणि तो सैल झाला तर?

छोटी दाढ काढून झालेल्या जागेत पुढचे दात मागे ओढायचे असतात. ओढायला आधार मागच्या दाढेचा घेतला, तर तीही पुढे सरकते आणि मिळवलेली जागा वाया जाते. म्हणून आधार थेट हाडाचा घ्यायचा.

हा मिनी-स्क्रू टायटॅनियम मिश्रधातूचा, साधारण 1.5 मिमी जाड, 8 मिमी लांब. वरच्या जबड्यात बहुधा दुसरी छोटी दाढ आणि पहिली मोठी दाढ यांच्या मुळांमध्ये बसतो. तिथे जागा जेमतेम तीन-साडेतीन मिमी असते, म्हणून आधी एक्स-रे काढून स्क्रू तिरका घालतात. मुळं टोकाकडे निमुळती होतात, तिथे जास्त जागा मिळते. भूल मुद्दाम थोडीच देतात, फक्त हिरडीपुरती. मुळाजवळ गेलं की दातात कळ येते. ती लगेच सांगा, सहन करत बसू नका. डॉक्टर स्क्रू मागे घेऊन दिशा बदलतात. मुळाला नुसता ओरखडा गेला असेल आणि स्क्रू लगेच काढला, तर तो बहुतेक वेळा भरून येतो.

आता सैल होण्याबद्दल. दात बसवायच्या इम्प्लांटसारखा हा हाडाशी एकजीव होत नाही, नुसत्या आट्यांच्या पकडीवर उभा असतो. त्यामुळे दात ओढणारी स्प्रिंग त्याच दिवशी लावता येते (साधारण 150 ते 200 ग्रॅम ओढ), पण हाडाचं बाहेरचं कवच पातळ असेल किंवा स्क्रू मुळाला खेटून असेल तर पकड सुटते. माझ्या मते सगळ्यात टाळता येण्याजोगं कारण म्हणजे जागा. दाताजवळची हिरडी घट्ट असते, तिच्या पलीकडची, गालाकडची मऊ त्वचा गाल हलवला की हलते. स्क्रू त्या हलणाऱ्या भागात गेला तर भोवती सूज येते, कधी डोकंच झाकलं जातं. खालच्या जबड्यात हाड कठीण; घाईने फिरवलं तर तापतं आणि भोवतालचं हाड मरतं. तिथे आधी बारीक छिद्र पाडून, पाणी सोडत, सावकाश काम करावं लागतं.

पहिला आठवडा मऊ ब्रश आणि डॉक्टरांनी दिलेलं क्लोरहेक्सिडिन (चूळ भरायचं जंतुनाशक). जिभेने किंवा बोटाने चाळा नको. किंचित हलतोय पण दुखत नसेल, तर ओढ कमी करून वाट पाहतात. स्पष्ट डुगडुगत असेल तर काढून शेजारी नवा घालतात; उपचार थोडे लांबतात, दाताचं नुकसान होत नाही. काम झाल्यावर उलटा फिरवून काढतात, बऱ्याचदा इंजेक्शनशिवाय.