नव्या सेव्हनवाल्याला
कॅटरहॅम सेव्हन, ती दोघांपुरती उघडी इंग्लिश स्पोर्ट्स कार घेतलीस, अभिनंदन! आता टायरमध्ये नेहमीच्या गाडीसारखी ३२ पीएसआय हवा ठासू नकोस. जेमतेम साडेपाचशे किलोची गाडी; १८ ते २० पुष्कळ झाली, तीही टायर गार असताना मोजलेली. जास्त भरलीस तर खड्ड्याखड्ड्याला उड्या मारेल आणि ओल्या रस्त्यावर मागून सटकेल. अधूनमधून नटबोल्टांवर पाना फिरव, थरथरीने ते ढिले होतातच. घट्ट केलेल्या नटावर रंगाची रेघ ओढून ठेव, सरकला की लगेच कळतं. उतरताना बाजूच्या सायलेन्सरपासून पोटरी सांभाळ. जुन्या मालकांच्या पायावरचे डाग बघशीलच. आणि छत? इंग्लंडातल्या पावसात ते लावेपर्यंत सर निघून जाते. कानटोपी घाल, चालवत राहा.