आईंना सफदरजंग रोडला न्या

दिल्लीत आईंसाठी एकच सकाळ मोकळी आहे, तर तीन मूर्ती दाखवावं की इंदिराजींचं घर, असं तुम्ही विचारलंय. मी दोन्ही पाहिलंय. एकच जमणार असेल तर बेलाशक १, सफदरजंग रोड.

तीन मूर्ती मुळात ब्रिटिश सरसेनापतीसाठी बांधलेलं. नेहरू तिथे राहिले तरी तो वाडा घरासारखा वाटत नाही. शिवाय आता आवारात सगळ्या पंतप्रधानांचं संग्रहालय आहे. आईंचे पाय भरून येतील.

सफदरजंग रोडचा बंगला पांढरा, बसका. १९७७ची निवडणूक हरल्यावर इंदिराजींचं हे घर सुटलं होतं, १९८०ला त्या परत इथेच आल्या. बैठकीची खोली, अभ्यासिका, पुस्तकांची कपाटं काचेआडून दिसतात. गर्दी मात्र हत्येच्या वेळी त्यांच्या अंगावर असलेल्या साडीपाशी थबकते आणि पुढे सरकते. तसं करू नका. आधी या खोल्यांसमोर थांबा. इथे नातवंडं वावरली, हे डोळ्यांसमोर आलं की मगच साडीकडे बघा. केशरी, काळ्या काठाची, गोळ्यांनी भोकं पडलेली. शेजारी त्यांची पिशवी आणि चपला. मला साडीपेक्षा त्या चपलांनी जास्त हलवलं. राजीवजींचे श्रीपेरुंबुदुरच्या स्फोटातले कपडे आणि बूटही याच घरात आहेत. आई आणि मुलगा, साडेसहा वर्षांच्या अंतराने.

बागेतली वाट सगळ्यात शेवटी चाला, आणि सावकाश. ३१ ऑक्टोबर १९८४च्या सकाळी घरातून शेजारच्या अकबर रोडवरच्या कार्यालयाकडे त्या याच वाटेने निघाल्या होत्या. तिथे ब्रिटिश अभिनेते पीटर उस्तिनोव्ह मुलाखतीसाठी कॅमेरे लावून बसले होते. वाटेवर आता स्फटिकाचं आच्छादन आहे. त्या कोसळल्या तेवढ्या जागी नितळ काच. अंतर इतकं थोडं आहे की पोटात कालवतं. मी गेलो तेव्हा गावाकडून बस करून आलेल्या बायका तिथे हात जोडून उभ्या होत्या, कुणी बोलत नव्हतं.

तिकीट नाही, सोमवारी बंद. मेट्रोने लोक कल्याण मार्गला उतरा आणि पुढे रिक्षा करा, आईंना चालवू नका.

अर्धा तास उरलाच तर मोतीलाल नेहरू प्लेसला शास्त्रीजींचं घर बघा. पंतप्रधान असताना बँकेचं पाच हजारांचं कर्ज काढून घेतलेली त्यांची फियाट तिथे उभी आहे. ते गेल्यावर पत्नी ललिताबाईंनी पेन्शनमधून ते कर्ज फेडलं.