शेणखतातल्या गेंड्या भुंग्याच्या अळीच्या पोटातले बॅक्टेरिया मोठ्या भुंग्यात पण तेच राहतात का?

नाही, बरेच बदलतात. आमच्या निफाडकडं उकिरडा उपसला की ज्या जाड पांढऱ्या अळ्या निघतात, सगळे त्यांना सरसकट हुमणीच म्हणतात, त्यात या गेंड्याच्या पण असतात. अळी कुजलेलं शेण, काडीकचरा, सडका लाकूडफाटा खाते, आता हे पचवायचं म्हणजे एकट्या अळीचं काम नाही, म्हणून तिच्या आतड्याचा मागचा भाग फुगून पिशवीसारखा झालेला असतो आणि तिथले बॅक्टेरिया हवेशिवाय सेल्युलोज (काडीकचऱ्यातला चिवट धागा) आंबवतात, एकदम बायोगॅसच्या टाकीसारखं. हे बॅक्टेरिया तिला बरेचसे त्या खतातूनच मिळतात. मग कोष. त्यात पोट रिकामं होतं, आतड्याचं अस्तर गळून नवीन बनतं, म्हणजे जुनी वस्ती बऱ्यापैकी उठलीच म्हणायची. बाहेर आलेला भुंगा नारळाचा शेंडा पोखरून रस पितो, खाणं बदललं की बॅक्टेरियाही बदलले.

आपल्याकडं हा मूळचाच हां, पण पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर, म्हणजे सामोआत 1909 ला, ग्वाममध्ये 2007 ला आणि हवाईत 2013 ला घुसला अन् तिथं नारळाची वाट लावली. अळ्या मारायच्या असतील तर खताच्या खड्ड्यात मेटारायझियम बुरशी टाका, ओल मात्र राहू द्या.