शंकासमाधान : छपाईसाठी छायाचित्र किती मोठे हवे?

प्रश्न : आमच्या दिवाळी अंकासाठी दिलेले शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याचे छायाचित्र मोबाइलवर स्वच्छ दिसते, पण छापखान्याने रिझोल्यूशन कमी म्हणून परत केले. फोटोशॉपमध्ये (चित्रे सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) रिझोल्यूशनचा, म्हणजे दर इंचाला किती पिक्सेल याचा, ७२ चा आकडा ३०० केला तर चालेल का?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : नुसता आकडा बदलून काहीही साधणार नाही, कारण छपाईला लागतात ते पिक्सेल, म्हणजे चित्र ज्यांचे बनते ते बारीक ठिपके, आणि ते मूळ चित्रात आहेत तेवढेच राहतात. चांगल्या ऑफसेट छपाईसाठी प्रत्यक्ष छापायच्या आकारात दर इंचाला ३०० पिक्सेल धरतात. म्हणजे ६ इंच रुंदीला १८०० पिक्सेल हवेत. आपले चित्र १०८० पिक्सेल रुंद असेल, तर ते साडेतीन इंचांपर्यंतच नीट छापले जाईल, आणि त्याहून फार ताणले की दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळे धूसर ठिपके होऊन बसतील. सॉफ्टवेअरने वाढवलेले पिक्सेल हा शेजारच्या पिक्सेलांवरून बांधलेला अंदाज असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र वाटेतच लहान होते, आणि माझ्या मते बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच असते; तेव्हा ज्यांनी छायाचित्र काढले त्यांच्याकडून मूळ फाइल ईमेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून आवर्जून मागवा. काळ्या शाईतल्या रेषाचित्रांना मात्र ३०० पुरत नाहीत. ती दर इंचाला १२०० पिक्सेलवर स्कॅन करावीत.